फ्लॉवरच्या पट्टीतला अबोला

आमच्या बांधाला लागून ज्यांचं शेत, त्या बाईंना सगळे तोफ म्हणतात. तोंडावर नाही, एवढी छाती कुणाची आहे? तोंडावर काकू. त्यांच्या नवऱ्याला मात्र तोंडावर गोगलगाय म्हटलं तरी चालतं. तो हसतो, हसायलाही वेळ घेतो.

शेत म्हणजे, गाय मध्ये बसली तर पेरायला कडा उरतील एवढं. त्या साली मका किडीने खाल्ला. हाती राहिली फ्लॉवरची एक पट्टी. ती साधली तर ठीक, नाहीतर गोगलगायीने शहरात एका वखारीवर रखवालदार म्हणून जायचं, असं ठरलं होतं. मेव्हण्याने शब्द टाकून ठेवला होता. तोफेला ते अजिबात मान्य नव्हतं.

"शिट्ट्या मारायला घर सोडायचं? त्यापेक्षा इथे कावळे हाकला की!"

आणि नेमका तेव्हाच घोळ झाला. चार पाहुण्यांसमोर गोगलगायीने जन्मातला पहिला विनोद केला. "हिच्या माहेरी दगडांचं पीक जोमात येतं," म्हणाला. पाहुणे हसले. मीही हसलो, जरा जास्तच. तोफ गप्प झाली ती झालीच.

मग त्या घरातलं सगळं बोलणं गायीमार्फत चालू झालं.

"सांग गं तुझ्या मालकाला, जेवण झाकून ठेवलंय."

"तिला म्हणावं, झाकण मांजराने पाडलंय."

गाय बिचारी रवंथ करत दोन्ही बाजू ऐकून घ्यायची.

फ्लॉवरला खत द्यायची वेळ आली. दरवर्षी तोफ ओरडायची, "अहो, खत!" आणि तो टाकायचा. यंदा ओरडणार कोण? तिने वाट पाहिली. शेवटी एके सकाळी तो दळण घेऊन गेल्यावर तिने स्वतःच रोपारोपाशी चिमटीने खत टाकलं, वर माती ओढली. दुपारी ती धुणं घेऊन गेली आणि हा पट्टीत उतरला. आपण न सांगता काम करतो हे तिला एकदा दिसू दे, असं त्याच्या मनात. पोतं जरा खाली गेलेलं दिसलं, पण त्याला वाटलं मीच उसनं नेलं असणार. माझी ख्यातीच तशी आहे. त्यानेही रोपारोपाशी खत टाकलं, माती ओढली. त्या संध्याकाळी दोघंही एकमेकांची जिरवल्यासारखे जेवले म्हणे.

पुढे पानांच्या कडा करपल्या, इस्त्री फिरवल्यासारख्या. एका टोकाला ती उभी, दुसऱ्या टोकाला तो. गाय घरी. आता बोलायचं कुणामार्फत?

"खत कुणी टाकलं?" शेवटी तीच म्हणाली.

"मी."

"मग मी काय टाकलं? पीठ?"

त्याने एक करपलं पान बोटांत चुरगळलं. मग म्हणाला, "पाणी सोड. भरपूर सोड. धुऊन निघू दे."

ती विहिरीवर मोटारीपाशी धावली, तो सरीतून सरीत पाणी फिरवायला लागला. विहीर लांब, त्यामुळे ओरडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. "सोड!" "बंद कर!" "अगं, बंद म्हटलं ना!" गोगलगायीला आवाज आहे हे अख्ख्या शिवाराला त्या दिवशी कळलं.

निम्मी पट्टी वाचली, पण गड्डे धरले मुठीएवढे. व्यापारी आला, बघून म्हणाला, "काकू, हा फ्लॉवर आहे की बटणं?"

"तुझ्या सदऱ्याला लाव," काकू म्हणाल्या आणि टोपल्या भरून स्वतःच शहराच्या बाजारात जाऊन बसल्या. मीही गेलो होतो, गंमत बघायला. तोफ डागली: "कापायची कटकट नाही! धुवा आणि थेट कढईत टाका!" दुपार व्हायच्या आत टोपल्या रिकाम्या. ज्या तोंडाला आम्ही इतकी वर्षं नावं ठेवली, त्यावर घर चालायला लागलं. रखवालीला दुसराच कुणी गेला. मेव्हणा अजून फुगून बसलाय.

आता ती दर आठवड्याला बाजारात बसते, कधी वांगी, कधी मेथी. ओरडून ओरडून घसा बसतो. संध्याकाळी घरी येते तेव्हा शब्द फुटत नाही.

"रागावलीस का गं?" तो घाबरून विचारतो.

ती मानेनेच नाही म्हणते. तरी तो उठतो आणि खताच्या पोत्याची गाठ तपासून येतो.