भिंतीतली काळी नळी

आरसा टांगायला मी ठोकलेला खिळा थेट भिंतीतल्या गंजक्या लोखंडी पाइपात घुसला. घरभर पाणी बंद. प्लंबर म्हणाला, "लोखंडी आज बसवतो. पॉलिथिलीनची काळी नळी परवा येईल."

"काळीच आण," मी म्हणालो.

शेजारचे नाना हसले. "कापडी पिशवीवाले तुम्ही, आणि भिंतीत प्लास्टिक?"

हसू देत. लोखंडापायी भट्ट्या धगधगतात. ही नळी घडताना धूर त्याहून कमी होतो, शिवाय ती गंजत नाही. पिशवी चारचौघांत मिरवता येते. भिंतीत गेलेल्या नळीचं कौतुक करायला मात्र कुणी येत नाही. न येवो. मी हटलो नाही.

बायको म्हणाली, "थांबू परवापर्यंत. पण बादल्या तुम्ही आणायच्या, नानांच्या घरून."