फुकटचं काम

माझी बायको वारली त्याच्या आदल्या संध्याकाळी तो आणि मी शनवारा वेशीपाशी पारावर बसलो, एका चंचीतली तंबाखू मळली आणि कापसाच्या भावावरून भांडलो.

तो आमच्या गल्लीतला विणकर. गल्लीत कुणी गेलं की माग सोडून यायचा, तिरडी बांधायचा आणि घोटभर पाणीही न घेता जायचा. प्लेगात सख्खे दारं लावून बसले, तेव्हाही आला. गोऱ्या साहेबाचा पगारी मिस्त्रीही असं नेटकं काम करत नसे. बोलणं थोडं, तेही दोनदा. "सावकाश भाऊ, सावकाश."

आमच्याकडे तिरडी बांधून झाली आणि त्याला एक बांबू चिरलेला दिसला. त्यानं सगळी सोडली. माझा मेहुणा तडकला, "अहो, तापीपर्यंत तर न्यायचं आहे. फुकटच्या कामात इतकं कोण बघतं?"

तो गाठ सोडत म्हणाला, "पैशाचं काम चुकलं तर पैसे परत देता येतात. इथं काय परत देऊ दादा, काय परत देऊ?"

खोटं कशाला सांगू, मीही चिडलो होतो. बायको उन्हात पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात उभा. मला वाटलं, समजूत काढायला आला. त्यानं विचारलं, "घाटाच्या उतारावर वहिनी हलल्या का?"

मी खांदा दिला होता. म्हटलं, "डोक्याकडून जराशी."

तो गेला. थोड्या वेळानं मी बाहेर आलो, तर तो आपल्या ओट्यावर दोन काठ्या घेऊन डोक्याकडची तीच गाठ बांधत होता, ओढून पाहत होता, आणि सोडून पुन्हा बांधत होता.