पेंड आता माथ्यावरच मिळेल

मंडळी, आज सकाळी आमच्या तात्यांनी, म्हणजे चुलत्यांनी, मला चार माणसांत सुनावलं. "आठवडा झाला, गुरं फाटकात हंबरतात अन् हा पेंड घेऊन डोंगर चढतो! लय शहाणा झालाय." सगळे हसले.

माझ्या गाई दिंडोरीकडच्या आमच्या गावच्या गायरानावर चरतात. त्यांनी ओढ्याकाठचं गवत मुळापर्यंत खाल्लं, म्हणून त्यांना गायरान बंद करायला उद्या देवळात गावाची बैठक आहे.

गवत खाल्लं, हे खरं. पण आमच्याकडे रीतच अशी, की सकाळी गायरानाच्या ओढ्याजवळच्या फाटकात पेंड द्यायची. मग गाई तिथेच रेंगाळणार, डोंगरावरच्या गवताला तोंड कशाला लावतील? चरणाऱ्या गाईच्या गळ्यातली घंटा थांबत थांबत वाजत राहते. माझ्या गाईंच्या घंटा निम्मा दिवस गप्प असायच्या.

म्हणून आता पेंड दुपारी, तीही माथ्यावर. आज दुपारी पेंडीची पाटी घेऊन निघालो, तर फाटक रिकामं! घंटा वरून ऐकू येत होत्या. गाई आपल्या आपण चढून चरत होत्या.

तात्यांना बोलावून त्या घंटा ऐकवल्या. म्हणाले, "वाजतंय खरं. पण बैठकीत मी काय बोलणार नाय."

नका बोलू, तात्या. मी मात्र बोलणार. बैठक देवळात नको, दुपारी गायरानावर घ्या आणि अर्धा तास गप्प बसून घंटा कुठून वाजतात ते ऐका.

तुम्ही असता तर गाव हसलं म्हणून पेंड पुन्हा खाली आणली असती? मी नाही आणणार.