पाळण्यापुरतं कॅरियर

हातात घेतलेलं काम लवकर संपवणं म्हणजे त्या कामाचा अपमान करणं, असं मानणारा आणि या तत्त्वाला जन्मभर जागलेला अख्ख्या मुलुंडमधला एकमेव माणूस म्हणजे आमचे आतोबा. माझ्या आत्याचे यजमान. मी गावाहून कॉलेजसाठी मुंबईला आलो तो त्यांच्याच दोन खोल्यांत राहिलो, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. आतोबांना वाटे की मला सगळं येत असणार, आणि मला वाटे की मला काहीच येत नाही. स्टोव्हच्या पिनेपासून देवघरातल्या लुकलुकत्या दिव्यापर्यंत कुठल्याही विषयावर ते मला विचारत, "तुमचं कॉलेज काय म्हणतं याबद्दल?" मी आर्ट्सला आहे, हे मी त्यांना भीत भीत सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मग बरंच झालं. ह्या पण कलेचाच काम आसा."

आतोबा गिरणीत जॉबर होते. साचे, म्हणजे कापड विणायचे माग, नीट चालतात की नाही ते बघायचं, बिघडले तर माणसं लावून दुरुस्त करून घ्यायचे, आणि मुख्य म्हणजे ओरडायचं, हे त्यांचं काम. मोठा संप झाला आणि मग गिरणीने त्यांना परत बोलावलंच नाही. नोकरी गेली, पण हातांना हे कोणी कळवलं नाही. ते हात घरात सापडेल ती वस्तू उघडू लागले. आत्याला पाण्याचं पिंप सरकवायला जड जातं म्हणून त्यांनी एकदा पिंपाला चाकं बसवली. कल्पना चांगली होती. फक्त आमच्या खोलीच्या फरशीला दाराकडे उतार होता, हे आम्हांला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. सकाळी नळाखाली भरलेलं पिंप डुलत डुलत निघालं आणि दाराला टेकून उभं राहिलं. दार आत उघडणारं. पाणी वापरून पिंप हलकं होईपर्यंत कोणालाही बाहेर जाता आलं नाही. आत्याने त्या दिवशी सगळ्या चादरी धुतल्या. मी कॉलेजला उशिरा पोचलो आणि सरांना कारण सांगितलं. सरांनी मला दुसरं काहीतरी कारण सांगायला सांगितलं.

कुठलंही काम गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू करायचं नाही, हा त्यांचा दुसरा नेम. कोकणात शुभकार्याआधी नारळ ठेवून देवाला मोठ्याने साकडं घालतात आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात, ते गाऱ्हाणं. गावात ते लग्नाला, पेरणीला, नव्या घराला घालतात. आतोबा पंख्याचा कपॅसिटर बदलतानाही घालत. त्यांचा आवाज गिरणीत घडलेला, साच्यांच्या खडखडाटावर चढवलेला. त्यामुळे ते स्टुलावर उभे राहून 'बा देवा म्हाराजा' म्हणाले की चाळीतल्या सगळ्या खोल्यांतून, कोणी भाजी चिरताना, कोणी दाढी करताना, 'व्हय म्हाराजा' म्हणून मोकळे होत. आणि एकदा गाऱ्हाणं घातलं की ते काम मागे घ्यायचं नाही. मध्येच खोलून परत जोडायचं म्हणजे देवाची चेष्टा.

त्यांच्याकडे एक मोटार होती. गिरणीतले एक पारशी साहेब देश सोडून जाताना ती त्यांना जवळजवळ फुकट देऊन गेले होते. जुनी, बुटकी, दोनच दारांची. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून, आपण स्वतः तिच्याहून जास्त वाकून आत शिरावं लागे. खिडक्यांना लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट आतोबांनी तिला ब्रशने लावला होता, त्यामुळे लांबून ती चाळीचीच एखादी खोली बाहेर येऊन उभी राहिल्यासारखी दिसे.

तर त्या गाडीवर कॅरियर बसवायचं ठरलं, त्याची ही गोष्ट.

आतोबांची एकुलती एक मुलगी, माझी ताई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला. बाळ तीन महिन्यांचं झालं की बाळ-बाळंतिणीला पाळण्यासकट सासरी पोचवायची, ही रीत. सासर दहिसरला. पाळणा सागवानी, गावच्या सुताराने केलेला, ताई स्वतः त्यात वाढलेली. आमचे जावई पोस्टात होते आणि स्वभावाने इतके गरीब की सासुरवाडीला आले की चहा घेतल्यावर कप स्वतः विसळत. ते म्हणाले, "बाबा, मित्राचा टेम्पो आहे. पाळणा त्यातून नेऊ, तुम्ही त्रास घेऊ नका."

आतोबा दुखावले. "माझ्या नातवाचो पाळणो लोकांच्या टेम्पोतून? मधे भाजीची पोती न् वर पाळणो? कॅरियर बसवतो. येत्या रविवारी निघू."

तो रविवार आला आणि गेला. त्यानंतरचेही बरेच आले आणि गेले.

कॅरियर आणलं कुर्ल्याच्या भंगारबाजारातून, टॅक्सीवरून उतरवलेलं. टॅक्सी रुंद, आमची गाडी अरुंद. ते टपावर ठेवल्यावर लहान मुलाने आजोबांची टोपी घातल्यासारखं दिसलं. मग ते कापलं. माप आतोबांनी वितीने घेतलं होतं, कारण "टेप उन्हात लांबतो" असा त्यांचा अनुभव. कापल्यावर ते अरुंद झालं. मग वेल्डिंग करून वाढवलं. मग एक पाय उंच झाला. मग त्याचा नट सापडेना. सापडला तेव्हा तो रॉकेलमध्ये रात्रभर भिजत घालणं भाग होतं. "लोखंडाक पण झोप लागता," ते म्हणाले. जावई दर रविवारी दहिसरहून इस्त्रीचा शर्ट घालून बायको-मुलाला न्यायला येत आणि संध्याकाळी कोपरापर्यंत ग्रीस माखून एकटेच परत जात. रविवारचा टीव्हीवरचा सिनेमा सोडून चाळीतली माणसं आमच्या अंगणात येऊन बसू लागली. खालच्या वाण्याच्या फोनवर विहीणबाईंचा निरोप येई, "कॅरियर बसलं का?" वाणी तो गल्लीतून ओरडून सांगे, आणि आतोबा गाडीखालून ओरडून उत्तर देत, "बसता हा, बसता हा. उठून पळत नाय खंय."

खरं काय ते सगळ्यांना माहीत होतं. आत्या तर उघड बोले. भाकऱ्या थापता थापता मला म्हणाली, "अरे, हे कॅरियर बसलं की पोर जाईल. म्हणून ह्यांचा हात चालत नाय. गिरणीत साचो बंद पडलो तर घटकेत चालू करायचे हे." आतोबा आत पाळण्याजवळ बसलेले होते. त्यांनी ऐकलं असणार. पण ते बाळाला पान्यांची ओळख करून देत होते, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि बाळ प्रत्येक पाना तोंडात घालून पसंत करत होतं. संपानंतर त्या घरात आतोबांची वाट पाहणारं, त्यांच्या आवाजाने न दचकता हसणारं, असं हे एकच माणूस आलं होतं.

शेवटी ताईच बोलली. ती रागावली नाही, तेच जास्त अवघड होतं. जेवताना हळूच म्हणाली, "बाबा, हे दर रविवारी येतात आणि बाळाला मांडीवर घेऊन बघून जातात. ते काही बोलत नाहीत. पण पुढच्या रविवारी मी जाणार. कॅरियर नसलं तर पाळणा डोक्यावर घेऊन जाईन." आतोबा ताटातल्या भाताचा उंचवटा सपाट करत राहिले. मग म्हणाले, "डोक्यावर कित्याक? मी काय मेलंय?"

त्या रविवारी मी उठलो तेव्हा ते अंगणात होते. कॅरियर ज्या पन्हळीला अडकवायचं, ती गाडीच्या टपाच्या दोन्ही कडांना असते. तिच्यात अडकणारे आकडे त्यांनी पहाटेच जाड पट्टीतून नवे वाकवले होते. जाड, लांब, भक्कम. "हे हलले तर माझा नाव बदला," ते म्हणाले. दुपारपर्यंत सगळी तयारी झाली. डिंकाचे लाडू, बाळंतविडा, कपड्यांच्या पिशव्या. विहीणबाईंनी बजावलं होतं की दिवेलागणीच्या आत बाळ घरात यायला हवं, आणि आत्याने पंचांग पाहून सांगितलं की साडेचारला राहुकाळ लागतो, त्याआधी चाक हललं पाहिजे.

आतोबा म्हणाले, "सगळे आत बसा."

"आधी कॅरियर तर बसवा," आत्या म्हणाली.

"सूत भरल्याशिवाय साचो लावत नाय कधी. माणसं बसली की गाडी दबता, टप खाली येता. मगे खरा माप." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय? कॉलेज काय म्हणतं?"

मला ते पटल्यासारखं वाटलं. आत्या आणि बाळाला घेऊन ताई मागे बसल्या, मी पुढे. दारं लावली. आतोबांनी बॉनेटवर नारळ ठेवला आणि आवाज लावला. "बा देवा म्हाराजा, आज तुझी लेक नातू घेऊन सासराक निघाली हा. ह्या लोखंडात काय वाकडा-तिकडा रवला असात, ता सरळ करून घे रे म्हाराजा."

आम्ही गाडीतून, जावई स्कूटरपाशी, चाळ गॅलऱ्यांतून म्हणालो, "व्हय म्हाराजा." बाळ ओरडलं, तेही बहुधा तेच.

मग आतोबांनी नट आवळले. एवढ्या रविवारांचा राहून गेलेला जोर त्यांनी त्या एका दुपारी लावला. गाडी कण्हली. पाळणा वर चढला, सुंभाने बांधला गेला, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू आलं. आतोबा नवी पँट झटकत आपल्या दारापाशी आले आणि त्यांनी कडी ओढली. दार उघडलं नाही. पुन्हा ओढली. मी माझ्या बाजूचं ढकलून पाहिलं. तेही उघडेना. त्यांचे ते भक्कम आकडे पन्हळीतून खाली उतरून दोन्ही दारांच्या चौकटींवर घट्ट बसले होते. दोन दारांची गाडी, दारं लांबलचक, जिथे आकडा लावावा तिथे खाली दारच. आतोबांनी जगातलं पहिलं कॅरियर बनवलं होतं जे सामानाआधी माणसं बांधून ठेवत होतं.

जावई म्हणाले, "बाबा, एका बाजूचे नट जरा सैल करू या."

"गाऱ्हाणा घातलेला आसा," आतोबा म्हणाले.

"साडेचाराक पाच मिन्टां हत," आत्या आतून म्हणाली. "खिडकी आसा ना? या."

आतोबांच्या बाजूला स्टिअरिंग आडवं येत होतं, म्हणून ते माझ्या बाजूच्या खिडकीतून आले. आधी डोकं, मग खांदे, मग बराच वेळ काहीच नाही. चाळ गॅलरीतून सूचना देत होती, "पोट आत घ्या काका, पोट." लग्नात ज्या जावयाचे पाय आतोबांनी मांडवात सगळ्यांसमोर धुतले होते, त्यानेच आता सासऱ्याचे दोन्ही पाय धरून त्यांना आत सारलं. ते माझ्या मांडीवर उतरले, तिथून सरकत आपल्या जागी गेले, आणि काहीच झालं नाही अशा तोऱ्यात त्यांनी गाडी सुरू केली.

पवई, आरे, मग हायवे. पाळणा वर डुलत होता, जावई स्कूटरवरून मागे त्याच्याकडे बघत येत होते. बोरिवलीपाशी सिग्नलला एका टॅक्सीवाल्याने विचारलं, "चाचा, बच्चा ऊपर है क्या?" ताई इतकी हसली की तिला पदर तोंडात धरावा लागला. आत्या हसली. मी हसलो. आतोबाही हसले आणि म्हणाले, "बघा, कशी सगळी एका जाग्यार बसली हत." एवढं बोलून ते पुन्हा रस्त्याकडे पाहू लागले.

दहिसरला विहीणबाई दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. कोणी उतरेना, तेव्हा त्या पुढे आल्या. प्रकार कळल्यावर त्यांनी भाकरतुकडा अख्ख्या गाडीवरून ओवाळून टाकला. जावई म्हणाले, बाळाला खिडकीतून घेऊ. विहीणबाई म्हणाल्या, "छे. लेकरू आईच्या कडेवरून उंबऱ्यातून यायला हवं. नट काढा म्हणावं."

आतोबा खिडकीतून बाहेर पडले. वरचा पाळणा उतरवून आत गेला. मग ते पाना घेऊन माझ्या बाजूला आले. आकडे टपाच्या कडेला, त्यामुळे आतून आम्हांला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. शर्टाची बटणं दिसत होती आणि दोन हात. पाना नटाला लागला आणि तसाच थांबला. रस्त्यावरचे दिवे लागायला आले होते, पण विहीणबाईही तांब्या हातात धरून उभ्या राहिल्या.

ताई मागून पुढे वाकली. खिडकीशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, "बाबा, सावकाश. काही घाई नाही."

मला वाटलं, आता हे नटांना झोप लागल्याचं सांगतील. पण ते म्हणाले, "नको गो. झालाच." आणि खरंच, मी त्यांच्या हातांना इतकं भराभर चालताना कधी पाहिलं नव्हतं. गिरणीतले आतोबा असेच असणार. एक आकडा सुटला, दुसरा सुटला. त्यांनी ते खाली न टाकता खिशात घातले.

दार उघडलं. मी उतरलो. त्यांनी सीट वाकवून धरली आणि ताई बाळाला घेऊन बाहेर आली. तोपर्यंत आतोबांनी कशाने तरी तोंड पुसलं होतं. ज्याने पुसलं ते फडकं ग्रीसचं असावं, कारण डोळ्याखालून कानापर्यंत काळा पट्टा उमटला होता. बाळ तो बघून खुदकन हसलं. ताईने पुसायला पदर वर नेला.

"रवांदे," आतोबा म्हणाले. "तू जा आत. लेकराक दिसता हा, तवसर रवांदे."