ड्रायव्हरचं ताट

गुंडप्पा जळकोटचा. सोलापूर ते बसवकल्याण या रस्त्यावर गाडी चालवतो. गाडी सात माणसांची, पांढरी, स्वतःची. चार वर्षांपूर्वी त्यानं ती मोबाईलवरच्या एका कंपनीला लावली. कंपनी एकेक सीट वेगळी विकते. त्यामुळं एका गाडीत तीन-चार घरची माणसं बसतात आणि पहिला अर्धा तास कुणी कुणाशी बोलत नाही.

गुंडप्पा त्यांना बोलतं करतो. सकाळी काय खाऊन निघालात, असं तो मागं न बघता विचारतो. कुणी पोहे म्हणतं, कुणी काहीच नाही म्हणतं. मग आपल्या भागात काय खावं, कुठं खावं, कुठं फक्त चहा घ्यावा आणि कुठं तोही घेऊ नये, हे तो सांगायला लागतो. नळदुर्ग येईपर्यंत गाडीत लग्नघरासारखा आवाज असतो.

मी बत्तीस वर्षं याच रस्त्यावर मैलकुली होतो. खड्डे भरायचे, गटारं काढायची, डांबर टाकायचं. माणूस कसा आहे हे मी त्याच्या कामावरून ठरवतो. गुंडप्पा उजाडायच्या आत गाडी धुतो. चाकातली हवा स्वतः बघतो, दुसऱ्याच्या शब्दावर सोडत नाही. कुणाला गाडी लागते हे विचारून त्याला पुढं बसवतो. एवढं करणारे मी फार बघितले नाहीत.

खाण्याबद्दल बोलायचं तर त्यातही त्यानं मेहनत केली होती. रस्त्यावरच्या प्रत्येक हॉटेलात तो स्वतः जेवला, आणि एकदा नाही, दोनदा. एकदा दुपारी बाराला, एकदा साडेतीनला. बाराला सगळीकडंच बरं मिळतं, हॉटेल साडेतीनला कळतं, असं तो म्हणायचा. म्हणून त्याच्या शब्दाला वजन होतं. हैदराबादची, पुण्याची माणसं दुसऱ्या खेपेला त्याचीच गाडी शोधायची.

दोन वर्षांपूर्वी जळकोटच्या उमरगा बाजूला, तीन किलोमीटरवर, अण्णाराव यांनी हॉटेल काढलं. पुढं मोठा हॉल, मागं पत्र्याची शेड. शेड फक्त ड्रायव्हर लोकांसाठी. कूलर, पाठ टेकायला चार बाजा, हात-पाय धुवायला भरलेला हौद. प्रवासी आणणाऱ्या ड्रायव्हरला जेवण फुकट. चहा फुकट. दिवाळीला टॉवेल.

जळकोटच्या पानपट्टीवर या गोष्टीचा महिनाभर काथ्याकूट झाला. काही म्हणाले, फुकट ताट घेतलं की जीभ त्या मालकाची झाली. काही म्हणाले, गिऱ्हाईक आणून दिलं, तर ताटभर अन्नाला काय हरकत? गुंडप्पा दोन्हीकडं मान हलवत राहिला आणि संध्याकाळी माझ्याकडं आला.

मी म्हणालो, तू उन्हातान्हात गाडी थांबवतोस, तासभर खोळंबतोस, तर ताट घे. फक्त चांगलं असेल तरच चांगलं म्हण.

त्यानं तसंच केलं. पहिल्या दिवशीच शेडमध्ये गरम भाकरी आली, भरलं वांगं, शेंगाची चटणी, दही, आणि घट्ट वरण. वरणाला गुंडप्पा ब्याळी म्हणतो. घरात कानडी आहे. ती ब्याळी त्याला एवढी आवडली की त्यानं गाडीत इतर हॉटेलांची नावं घेणंच सोडलं. साडेतीनलाही ती तेवढीच चांगली असायची. पुन्हा गाडीत बसल्यावर तो प्रवाशांना विचारायचा, कसं होतं जेवण? माणसं म्हणायची, चांगलं होतं. ड्रायव्हरनं विचारल्यावर दुसरं काय म्हणणार?

या चैत्रात पुण्याची अस्मिता नावाची एक बाई आपल्या आईला घेऊन गुंडप्पाच्या गाडीतून बसवकल्याणला गेली. उतरल्यावर तिनं कंपनीच्या पानावर लिहिलं. गुंडप्पाच्या लेकीनं, शिवप्रियानं, ते वाचून दाखवलं. गाडी स्वच्छ, चालवणं उत्तम, बोलणं गोड. पण जेवणाच्या बाबतीत या ड्रायव्हरवर विश्वास ठेवू नका, त्यांना तिथं फुकट मिळतं म्हणून ते नेतात. पाचापैकी तीन चांदण्या.

चांदण्यांचं गुंडप्पाला काही वाटलं नाही. विश्वास ठेवू नका, हे त्याला लागलं. दोन दिवस तो गाडीत खाण्याचं अक्षर बोलला नाही. प्रवासी सोलापूरपासून बसवकल्याणपर्यंत मोबाईलमध्ये तोंड घालून बसले. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला तो माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"तात्या, त्याच दिवशी म्या बी तिथंच जेवलो. बोटं चाटावीत अशी ब्याळी. त्या बाईचं तोंड आलं असंल."

"आणि तिच्या आईचं?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तुमी चला एक दिवस. पाव्हणं म्हणून न्हाय, प्रवासी म्हणून. तुमी खावा अन तुमीच सांगा."

गुरुवारी मी एसटीनं उमरग्याला गेलो आणि तिथून त्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसलो. ओळख दाखवायची नाही असं ठरलं होतं. शेजारी दोघं भाऊ होते, कापड दुकानदार, सोलापूरला माल बघायला निघालेले. गुंडप्पानं अण्णारावांच्या हॉटेलाचं कौतुक केलं, पण रोजच्यासारखं मोकळं नाही. परीक्षेला बसलेल्या माणसासारखं.

साडेतीनला पोहोचलो. गुंडप्पा मागं शेडमध्ये गेला. आम्ही तिघं हॉलमध्ये बसलो.

भाकरी आली ती सकाळची. कडा वाळून उचललेल्या. वांग्यावर तेल होतं, आत वांगं कच्चं. वरणात मी बोट फिरवलं. तळाला डाळीचे चार दाणे लागले. बाकी हळदीचं पाणी. अन्न टाकायचं नसतं म्हणून मी सगळं संपवलं. भावांनी अर्धं ठेवलं.

बाहेर आलो तर गुंडप्पा गाडीला टेकून दात कोरत उभा. चेहरा तृप्त.

"बोला तात्या. कसं?"

"वरण म्हणजे पाणी होतं."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग त्याला माझा राग आला. तो म्हणाला, "बत्तीस वर्षं डांबराचा धूर खाल्ला तुमी, जीभ मेली तुमची."

मी म्हणालो, माझी जीभ मेली असेल तर या दोघांना विचार. धाकटा भाऊ सभ्य होता. वरण गरम मात्र होतं, असं तो म्हणाला. थोरल्यानं तेवढीही सभ्यता ठेवली नाही. गुंडप्पा आमच्या तिघांकडं असा बघायला लागला की जणू आम्हीच कट करून आलोय.

वाद तोंडानं मिटणार नव्हता. मी म्हणालो, तुझी वाटी आण. तो शेडमधून वाढून घेऊन आला. मी हॉलमधून एक वाटी मागून आणली. दोन्ही वाट्या बॉनेटवर शेजारी शेजारी ठेवल्या. त्याच्या वाटीत वरण घट्ट, वर लसणाची फोडणी थांबलेली. माझ्या वाटीचा तळ दिसत होता. स्टीलवर कोरलेलं हॉटेलचं नावसुद्धा वाचता येत होतं.

गुंडप्पानं आधी स्वतःची चाखली. मग माझी. मग पुन्हा माझी. जीभ चुकली असेल म्हणून एक घोट पाणी पिऊन तिसऱ्यांदा माझी. त्यानंतर तो तिथंच कट्ट्यावर बसला.

"तात्या, दोन वर्षं म्या खोटं बोललो."

मी म्हणालो, तुला माहीत नव्हतं.

"मला माहीत नव्हतं म्हणून त्यांच्या ताटात ब्याळी आली का?"

ताट घे असं सांगणारा मीच होतो. चांगलं असेल तरच चांगलं म्हण, असं सांगितलं होतं. कुठल्या भांड्यातलं खातोस ते बघ, असं सांगायचं मला सुचलं नव्हतं. बत्तीस वर्षांत मीही अशा शेडमध्ये कधी जेवलो नव्हतो.

तो उठला आणि दोन्ही वाट्या घेऊन गल्ल्याकडं गेला. आम्ही मागून. सोलापूरला उशीर होत होता, पण थोरला भाऊ म्हणाला की आता हे बघूनच जाऊ.

अण्णाराव यांनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. उलट अभिमानानं सांगितलं की पुढचं जेवण आचारी करतो आणि शेडमधलं त्यांची बायको महादेवी वेगळ्या चुलीवर करते.

"ड्रायव्हर माझा पाव्हणा हाय, गुंडप्पा. पाव्हण्याला घरचं घालतो. तुला चांगलं घातलं हा माझा गुन्हा व्हय?"

गुंडप्पा हळू बोलला. "म्या जे खाल्लं ते लोकांना सांगितलं. त्यांनी खाल्लं ते दुसरंच. मधल्या मधी माझा शब्द गेला, अण्णाराव. तुमचं काय गेलं?"

अण्णारावांचं खरंच काही गेलं नव्हतं. मोठ्या रस्त्यावरचा माणूस एकदा जेवतो आणि निघून जातो. वरण पातळ होतं हे सांगायला पन्नास किलोमीटर मागं कोण येतो? आणि ड्रायव्हर रोज नवी माणसं आणत होते.

गुंडप्पानं सांगितलं की उद्यापासून त्याचं ताट हॉलमध्ये वाढायचं, प्रवाशांच्या भांड्यातलं. फुकट द्या किंवा देऊ नका. अण्णाराव म्हणाले, मग तू गाडी पुढं नेशील. गुंडप्पा म्हणाला, चांगलं असेल त्या दिवशी थांबेन.

एवढ्यात मागच्या दारातून महादेवी बाहेर आली. पदराला हात पुसत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आचारी नऊला वरण घालतो अन चारपतुर त्यात पाणी ओततो. मी रोज बघते."

"बघतीस तर बोलली न्हाईस?" अण्णाराव म्हणाले.

"मला कुणी विचारलं?"

अण्णाराव गल्ल्यावरच्या बडीशेपेकडं बघत राहिले. महादेवी गुंडप्पाला म्हणाली की उद्यापासून मागची चूल बंद. एकच भांडं. सगळ्यांचं मी करावं असं वाटत असेल तर ते मी एकटी करणार नाही, माझेही हात दोनच आहेत.

दुसऱ्या दिवशी तिनं खरंच चूल पेटवली नाही. शेडमध्ये अकरा ड्रायव्हर बसले होते. त्यांच्यापुढं आचाऱ्याचं वरण आलं. पहिल्या घासाला शेड गप्प झाली, दुसऱ्या घासाला उठली. त्यांनी आधी गुंडप्पालाच धरलं. तुझ्या जिभेमुळं आमची ब्याळी गेली, असं म्हणून एकानं तर त्याच्या सात पिढ्या काढल्या. गुंडप्पा म्हणाला, तुम्हाला एक दिवस नाही चाललं, आणि गाडीतल्या माणसांना दोन वर्षं हेच घातलं आपण. यावर दोघं-तिघं शांत झाले. बाकीचे झाले नाहीत. ते अण्णारावांकडं गेले आणि म्हणाले, उद्या असलं वरण असेल तर आमच्या गाड्या इथं वळणार नाहीत.

जे हजारो प्रवाशांना जमलं नव्हतं ते अकरा ड्रायव्हरांनी एका दुपारी केलं. प्रवासी परत येत नाही, ड्रायव्हर रोज येतो, हे अण्णारावांना पक्कं कळत होतं.

सगळ्यांचं नीट करायला माणसं किती लागतील, असं त्यांनी जळकोटला येऊन मला विचारलं. बाईनं मन लावून केलं तर तासाला तीस-पस्तीस भाकरी होतात. त्याहून जास्त म्हणणारा थापा मारतो. दुपारच्या गर्दीला दीडशे माणूस. मी म्हणालो, महादेवीशिवाय भाकरीला तीन बायका आणि वरण दोनदा घालायचं, सकाळी एकदा, दोनला एकदा. अण्णाराव कुरकुरले. पण चौथ्या दिवशी गावातल्या तीन बायका कामावर आल्या. आचाऱ्याला काढलं नाही. तो आता भाज्या चिरतो आणि महादेवीच्या नजरेखाली फोडणी घालतो. फोडणी त्याची वाईट नव्हती. त्याला पाण्याची सवय लागली होती.

गुंडप्पानं शिवप्रियाकडून त्या अस्मिताबाईंच्या लिहिण्याखाली उत्तर लिहवून घेतलं. लिहिलं ते असं: ताई, तुमचं खरं होतं. मी वेगळ्या भांड्यातलं जेवत होतो, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायला हवं होतं. बाईंचं उत्तर आलं नाही. तीन चांदण्या तीनच राहिल्या.

आता पद्धत अशी आहे. गुंडप्पा प्रवाशांना हॉटेलचं नाव सांगतो आणि लगेच हेही सांगतो की मला इथं जेवण फुकट मिळतं. काही जण हसतात. काही जण एकमेकांकडं बघतात. मग तो त्यांच्याच टेबलावर बसतो, पहिली वाटी स्वतःपुढं ओढतो आणि चाखतो. तोवर कुणी काही मागवायचं नाही. काही ड्रायव्हर अजून त्याला नावं ठेवतात, शेडमध्ये पाय पसरून जेवायची मजा गेली म्हणतात. पण जेवतात हॉलमध्येच, कारण शेडमध्ये आता कुणी वाढत नाही.

ड्रायव्हरनं ताट घ्यावं की नाही, हा वाद पानपट्टीवर अजून चालू आहे. मला विचारलं तर मी म्हणतो, घ्यावं. पण नुसतं नाव सांगितलं म्हणून नाही. आधी चाखतो, नको असेल तर नको म्हणतो, हे काम आहे. त्याबद्दल घ्यावं.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा त्याच्या गाडीत होतो. उमरग्याहून येत होतो. गाडीत एक म्हातारं जोडपं आणि दोन नर्स मुली. हॉटेलात बसलो. गुंडप्पानं वाटी ओढली, चाखली, आणि बोट वाटीतच ठेवून थांबला. महादेवी भाच्याच्या लग्नाला अक्कलकोटला गेली होती. त्यानं पुन्हा चाखली. मग म्हाताऱ्या आजोबांना म्हणाला, "आजोबा, आज इथं नको. नळदुर्गला जेवू. भूक धरवंल न्हवं?"

हॉलमध्ये इतर टेबलांवर माणसं बसली होती. त्यांनी ऐकलं. दोन-तीन माना वळल्या. मला वाटलं, आता अण्णाराव गल्ल्यावरून उठतील आणि भांडण होईल.

अण्णाराव उठले. आमच्या टेबलाजवळ आले, गुंडप्पाच्याच वाटीत बोट बुडवलं आणि चाखलं. आतल्या आचाऱ्याकडं त्यांनी एकदा बघितलं. आजोबांकडं वळले.

"व्हय, आज पुढं जावा. महादेवी परवा येती. परवाच्या पुढं कवाबी या."

नर्स मुली हसल्या. आजोबांनी चहा तरी देता का, असं विचारलं. चहा आला. गुंडप्पानं तो आधी चाखला आणि मान हलवली. मग सगळ्यांनी घेतला.