हातानेच तोडायचा पाव

जिन्याखालच्या चिंचोळ्या दुकानात बसून ती किल्ल्या बनवायची. दुकान इतकं अरुंद, की कुणी आत शिरलं तर तिला पाय पोटाशी घ्यावे लागत. म्हणून सगळा व्यवहार दारातल्या फळीवरच चाले. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, पुढ्यात कानठळ्या बसवणारं मशीन आणि केसांत सदा पितळेचा भुगा. गल्लीत तिला सगळे किल्लीताई म्हणत. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, मुलगी कॉलेजात. ही तोंडाने फटकळ, पण कुणाची किल्ली घरात राहून दार लागलं, तर भरल्या ताटावरून उठून जाणारी.

पस्तिशी उलटली आणि तिच्या हातांवर कोड उठलं. आधी अंगठ्याच्या नखाशी चुना लागल्यासारखा एक ठिपका. तिने तो दोन दिवस घासून पाहिला. मग हळूहळू दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे-काळे झाले. डॉक्टर म्हणाले, "हे दुखत नाही, कुणाला लागतही नाही. त्रास झालाच, तर लोकांचा होईल."

तो झालाच. गिऱ्हाइकं किल्ली तिच्या हातात द्यायची थांबली, फळीवर ठेवून हात मागे घेऊ लागली. काही दिवस तिने कापडी हातमोजे घातले. एकदा मोज्याचं टोक मशीनच्या चाकात गेलं आणि बोट थोडक्यात वाचलं. तिने दोन्ही मोजे काढून कचऱ्यात टाकले आणि दारात ताटकळलेल्या माणसाला म्हणाली, "हात बघून घ्या नीट. बघून झाले की किल्ली द्या. हातात."

त्याने मुकाट्याने दिली.

बाहेरच्यांना ती अशी पुरून उरे. घरच्यांपुढे मात्र तिचं तोंड बांधलेलं होतं. मोठ्या दिरांकडे वरचेवर पार्ट्या होत, आणि दर खेपेला जाऊबाईंचा फोन येई, "तू काही करू नकोस हं. दमतेस बिचारी. येताना पाण्याच्या बाटल्या आण फक्त. नाहीतर कागदी पेले." बरीच वर्षं किल्लीताईला ही माया वाटली. मग एका पार्टीला ती हौसेने बटाट्याच्या वड्या घेऊन गेली. "वा, वा," म्हणत जाऊबाईंनी डबा आत नेला. निघताना ती हात पुसायचा कागद टाकायला स्वयंपाकघरात गेली, तर कचऱ्याच्या डब्यात तिच्या सगळ्या वड्या. एकही मोडलेली नव्हती.

तिने आपला रिकामा डबा उचलला. घरी येताना नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "जाऊ दे ना. कशाला वाद घालायचा?"

यंदा दीर छापखान्यातून निवृत्त झाले आणि मोठी पार्टी ठरली. फोन आलाच.

"तू बाटल्या आण फक्त."

"बाटल्या दुसऱ्या कुणाला सांगा, वहिनी," किल्लीताई म्हणाली. "मी पाव आणणार आहे. चीज भरलेला. तुमच्या ओव्हनमध्ये भाजीन, गरमच खायचा असतो."

जाऊबाई घाईघाईने म्हणाल्या, "अगं, केटररला सांगितलंय सगळं."

"मग त्याला सांगा, टेबलावर मधली जागा मोकळी ठेव म्हणून."

हा पाव तिने गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बेकरीत पाहिला होता. मोठा गोल पाव, त्याला उभे-आडवे काप दिलेले, पण तळापर्यंत न गेलेले. प्रत्येक फटीत लोणी, लसूण आणि चीज. भाजून निघाला की चार बाजूंनी चार हात यावेत आणि एकेक ठोकळा ओढून न्यावा. चीजची तार ताटापासून तोंडापर्यंत लांबावी. सुरी नाही, चमचा नाही, कुणाचा वेगळा वाटा नाही. पाहताक्षणीच तिने ठरवलं होतं, हाच.

ठरवलं खरं, पण पाव काही लगेच वश झाला नाही. पहिल्या रविवारी सुरी तळाच्या पार गेली आणि सगळं चीज ओव्हनच्या बुडाशी सांडून जळलं. घरभर धूर. नवरा खिडक्या उघडत हिंडला. दुसऱ्या खेपेला वरून कोळसा आणि आत चीज थंडगार. मग बेकरीवाल्यानेच तिला सांगितलं, "पाव कालचा घ्या ताई. ताजा पाव सुरीखाली दबतो. आणि आधी झाकून भाजा, मग उघडा करून." त्या दुपारी पाव असा उतरला, की नवऱ्याने ओव्हनपाशी उभ्या उभ्याच अर्धा संपवला.

मुलगीही खात होती. बोटं चाटत ती म्हणाली, "आई, तिथे मी केला म्हणून सांगायचं का?"

"का?"

"म्हणजे... सगळे खातील."

पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं, हे किल्लीताईला दिसत होतं. म्हणूनच ते जास्त लागलं. कुणी दुष्टपणाने बोललं असतं तर तिला उत्तर पाठ होतं. तिने कपाटावरचं पिठाचं पातेलं उगाचच इकडचं तिकडे ठेवलं.

"तुला न्हाऊ घातलं ते याच हातांनी ना?" ती शेवटी म्हणाली. "तेव्हा कुणाचं नाव सांगितलं होतं?"

मुलीचा चेहरा पडला. "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"ठाऊक आहे. पण माझ्या हातचं माझ्याच नावावर जाणार. कुणी नाही खाल्लं तरी."

पार्टीच्या संध्याकाळी ती पाव कागदात गुंडाळून, पोटाशी धरून दिरांच्या घरी पोचली. बैठकीत माणसांची गर्दी, टेबलावर केटररची चकचकीत भांडी. ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि ओव्हन लावला. जाऊबाई मागोमाग आल्या. त्यांनी दार लोटून घेतलं.

"मी काय म्हणते, आपण याचे तुकडे करून छोट्या बश्यांत ठेवू या का?"

"तुकडे करायचे नसतात, वहिनी. हा हातानेच तोडायचा असतो."

"बरं." जाऊबाईंनी खणातून प्लास्टिकच्या पातळ हातमोज्यांचं पाकीट काढलं. "मग हे घाल. केटररची माणसंही घालतात. लोक बघतात गं, मला काही वाटत नाही."

ओव्हनमधून लसणाचा खमंग वास सुटला होता. किल्लीताईने पाकिटाकडे पाहिलं, मग जाऊबाईंकडे.

"वड्या फेकल्या तेव्हा लोक बघत नव्हते, वहिनी. तुम्ही एकट्याच होतात."

जाऊबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं कुणी? मी काय पाहुणी आहे, कचऱ्याचा डबा माहीत नसायला?" तिने पाकीट खणात टाकलं आणि खण बंद केला. "एवढ्या वर्षांत एकदा तरी विचारायचं होतं, हे लागतं का म्हणून. मी सांगितलं असतं. चहा देऊन सांगितलं असतं."

पाव बाहेर काढला. वरून सोनेरी, फटीफटीतून चीज उकळत होतं. फडक्यात तबक धरून ती बैठकीत आली. टेबलाच्या मधोमध जागा अर्थातच ठेवलेली नव्हती. तिने भाताचं भांडं कोपराने बाजूला सारलं, जरा मोठाच आवाज झाला, आणि पाव तिथे ठेवला. वासाने माणसं वळली, पुढे सरकली. मग हात दिसले आणि पावलं थबकली.

तिने पहिला ठोकळा ओढला. चीजची तार लांबच लांब आली. तो हात तिने मुद्दाम खाली घेतला नाही.

"हा मी केलाय," ती म्हणाली. आवाज दुकानातला, मशीनवरून ऐकू जाणारा. "याच हातांनी. कोड आहे, लागत नाही. ज्याला खायचं त्याने गरम आहे तोवर खावं. ज्याला नको, त्याने नको म्हणावं. पोट भरलंय म्हणू नये, जेवण अजून सुरू झालेलं नाही."

कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. नवऱ्याच्या आत्याबाई खुर्चीत सावरून बसल्या. "मला बाई भूकच नाही."

"भूक नाही, की धीर नाही, आत्याबाई?"

"अगं ए—" म्हणत नवरा पुढे झाला. आता 'जाऊ दे' म्हणणार, असं तिला वाटलं. तिने मान ताठ केली, त्यालाही ऐकवायचं म्हणून. पण त्याने हात घातला तो पावात. गरम चीजने बोट भाजलं, तरी सोडलं नाही. "दादा, ये की," तो भरल्या तोंडाने म्हणाला. "निवृत्त झालास, आता तरी बायकोला विचारू नकोस."

दीर आले. एक ठोकळा खाल्ला, मग बोटं पुसून दुसरा घेतला. मुलगी आपल्या चुलतभावंडांना ओढून घेऊन आली. "आईने केलाय," ती सांगत होती, जरा जास्तच मोठ्याने. काहीजण आले. काहीजण केटररच्या भांड्यांकडे वळले आणि पाठ करून उभे राहिले. आत्याबाई शेवटपर्यंत उठल्या नाहीत. जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारातच होत्या.

पाव निम्मा उरला. किल्लीताईने तो तिथे ठेवला नाही. सगळ्यांदेखत कागदात बांधला आणि बरोबर घेतला. रस्त्यात तिला रडू आलं. नवऱ्याने पाहिलं आणि तिच्या हातातलं पुडकं स्वतःकडे घेतलं.

त्यानंतर बरेच महिने जाऊबाईंचा फोन आला नाही. त्यांच्याकडे एक-दोन पार्ट्या झाल्याचं कानावर आलं. "बोलावलं नाही तर नाही," किल्लीताई म्हणाली आणि पार्टी आपल्याच घरी ठेवली. बेकरीवाला आला, गल्लीतली माणसं आली, मुलीच्या मैत्रिणी आल्या. दीर आले आणि त्यांच्या मागून जाऊबाईही. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी पर्समधून स्वतःचा काटा काढला आणि पावाच्या कडेचा एक तुकडा त्याने उचलून तोंडात टाकला.

मुलीने आईला कोपर मारलं. "बघ, काटा."

"खाऊ दे," किल्लीताई म्हणाली. ती उठली, पावाचं तबक जाऊबाईंच्या पुढ्यात नेऊन धरलं, पांढरी बोटं अगदी त्यांच्या नजरेसमोर. "मधला घ्या, वहिनी. कडेला चीज कमी असतं. आणि मधला काट्याने निघत नाही."

जाऊबाई काटा धरून तशाच उभ्या होत्या. किल्लीताईने तबक खाली ठेवलं नाही.