बटणावरचं बोट

बाळा,

हे वाचताना मनातल्या मनात 'वाचतोय, वाचतोय' असं म्हणू नकोस. सरळ माणसासारखं वाच. आवडलं नाही तर कागद फाड, फोन करून शिव्या घाल; तुझ्या ताईला आनंदच होईल. हल्ली तिच्या दारात जो तो एकच प्रश्न घेऊन उभा राहतो. "तुमच्या भावाने ती विपश्यना केली होती ना? मग आमच्या मुलाला पाठवू का?" कुणाला हो ऐकायचं असतं, कुणाला नाही. एका शब्दात यातलं काहीच सांगता येत नाही, आणि दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करायला ताईकडे ना दम उरलाय ना धीर. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकायचं ठरवलंय. तुला विचारलं तेव्हा म्हणालास, "लिही की. माझं काय जातंय?" जातंय रे. तेच तर लिहायचंय.

हे इतरांनाही वाचायला द्यायचंय, म्हणून इथून पुढे तू म्हणजे 'तो'. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. नव्या, काचेच्या नव्हेत. जुन्या, ज्यांचं लोखंडी दार ओढून लावावं लागतं आणि ज्या प्रत्येक मजल्यावर क्षणभर विचार करून मग थांबतात. अशा इमारती शहरात पुष्कळ आणि त्यांच्या लिफ्टना हात लावायला तयार असलेली माणसं थोडी, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. कामावर सगळे त्याला 'भडका' म्हणत. नाव उगीच पडलं नव्हतं. पाना हातातून निसटला तर चूक पान्याची, आणि शिक्षा म्हणून पाना भिंतीवर. एकदा मुलीच्या बुटाच्या नाडीची गाठ सुटेना, तर पठ्ठ्याने कात्री आणून बूटच कापला, तोही शाळेला निघायच्या वेळी. हात कधी कुणावर उचलला नाही, पण त्याची गरजच पडत नव्हती. कुलपात किल्ली फिरली की बायको आणि मुलगी हातातली वस्तू घट्ट धरून बसत. काही पडायला नको.

ताई भावंडांत थोरली, जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेली. "लाडावून ठेवलाय," एवढं निदान करून ती मोकळी झाली होती.

त्याचा जोडीदार वेगळ्याच मातीचा. ठेंगणा, गोल, सतत काहीतरी चघळणारा. लिफ्टच्या टपावर उभं राहायचं काम त्याचं. "मी पडलो तर गडगडत जाईन, मोडणार नाही," म्हणायचा. दोघं एकाच म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली शिकले आणि नंतर जोडी कधी फोडली नाही. कामाची रीत अशी: ठेंगणा टपावर, भडका इमारतीच्या माथ्यावरच्या यंत्रखोलीत. टपावरचा रुळांना वंगण लावत, रूळ भिंतीला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांचे बोल्ट आवळत जातो आणि वरचा त्याच्या हाकेसरशी लिफ्ट हळूहळू सरकवतो. बटण दाबून धरलं की लिफ्ट चालते, बोट उचललं की थांबते. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. मध्ये असतो नुसता अंधारा चौकोनी पोकळ खांब, आणि आवाज. म्हणून म्हाताऱ्याने कानफटात मारून एक नियम शिकवला होता. खालून जो शब्द येईल तो वरच्याने मोठ्याने परत म्हणायचा, तोंड आणि हात एकदमच. "चालव!" "चालव!" "थांब!" "थांब!" जिन्यातली पोरं टवाळी म्हणून तिसरा "थांब" जोडत.

शिबिराला त्याला पाठवलं ते या जोडीदारानेच. एकदा रागाच्या भरात भडक्याने यंत्रखोलीतून पक्कड खाली भिरकावली. ती जोडीदाराच्या कानाजवळून गेली. तो खाली उतरला, हात पुसले आणि म्हणाला, "डोंगरावर ते विपश्यनेचं केंद्र आहे ना, तिथे जाऊन ये. नाहीतर मी दुसरा भडका शोधतो."

"तिथे जाऊन गप्प बसू?"

"तू गप्प बसलास तर अख्खं शहर माझा सत्कार करेल."

गेला. बोलायचं नाही, वाचायचं नाही, कुणाच्या नजरेला नजर द्यायची नाही. बुद्धाच्या शिकवणीतली जुनी पद्धत: जे घडतंय ते बघायचं, मनात त्याची नोंद करायची, त्याच्यामागे धावायचं नाही. पाय दुखला तर 'दुखतंय, दुखतंय'. आवाज आला तर 'ऐकू येतंय, ऐकू येतंय'. राग आला तर 'राग, राग'. नुसतं बघत राहिलं की येणारं येतं आणि आपलं आपण जातं.

आणि खोटं कशाला बोला, उपयोग झाला. माणूस परत आला तो निवळलेला. कंबर दुखायची, ती थांबली. रक्तदाब उतरला. राग यायचा, पण येताना दिसायचा आणि तो त्याला वाट करून द्यायचा. मुलगी त्याच्या शेजारी बसून अभ्यास करू लागली. बायको ताईला फोनवर म्हणाली, "ताई, आज हातातून चमचा पडला आणि घरात कुणी दचकलंच नाही. मी मुद्दाम आणखी एक पाडून बघितला." ताई हसली. मग फोन ठेवल्यावर तिला हसण्यासारखं त्यात काही दिसेना.

इथेच थांबला असता तर हे लिहायची वेळ आली नसती. पण आमच्या घराण्याला बेताने काही करता येत नाही. तो पुन्हा गेला, मग जास्त दिवसांच्या शिबिराला गेला, घरी सकाळ-संध्याकाळ भिंतीकडे तोंड करून बसू लागला. हळूहळू त्याचं हसणं आटलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण शांत माणसाच्या घरात तक्रार कोण करणार? मुलगी धावत धावत निकाल सांगायला आली. पहिली आली होती. तो म्हणाला, "छान." तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग दप्तर उचलून आत गेली. ताई तिथेच होती.

"अरे, पोरगी पहिली आली. काहीतरी होऊ दे की तुला!"

"होतं ना ताई. आनंद येतो. मी त्याला बघतो. बघितलं की तो जातो."

"मग बघू नकोस."

"तेच जमत नाहीये," तो म्हणाला. अगदी सपाट आवाजात. त्याने केंद्रावर फोन करून विचारलंही होतं. तिथल्या शिकवणाऱ्यांनी मायेनेच सांगितलं, हीसुद्धा वाटेतली एक पायरी आहे, बसत राहा. औषधाने अंगावर पुरळ उठलं तर डोस वाढवायचा, असं ताईच्या रसायनशास्त्रात कुठे नव्हतं. ती तसं म्हणालीही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, आणि बसत राहिला.

मग ती सकाळ. जुनी इमारत, नेहमीची लिफ्ट, नेहमीची जोडी. जोडीदार टपावर, उजवा हात रुळाच्या पट्टीवर. लिफ्ट सरकत असतानाच त्याची बाही बोल्टात अडकली. त्याने हाक दिली, "थांब!"

भडक्याला ती ऐकू आली. हे त्याने नंतर ताईला शब्दन् शब्द सांगितलं, काही न लपवता. लपवायला लागते ती लाजच उरली नव्हती. हाक खूप स्वच्छ ऐकू आली, म्हणाला. खालून वर येताना भिंतींवर कशी घासत येते तेही ऐकू आलं. त्याने नोंद केली, 'ऐकू येतंय, ऐकू येतंय'. बटणावर बोट होतं. त्याचीही नोंद केली, 'दाब, दाब'. पुन्हा "थांब!" आला, मोठा. 'ऐकू येतंय.' त्या शब्दाला काही अर्थ आहे आणि तो आपल्यासाठी आहे, हे त्याला तिसऱ्या हाकेला कळलं. तेव्हा बोट उचललं. तोवर जोडीदाराच्या उजव्या हाताची बोटं पट्टी आणि लिफ्टच्या कडेमध्ये चिरडली होती. परत म्हणायचा शब्द त्याने एकदाही म्हटला नव्हता.

इस्पितळात ताई जोडीदाराला भेटायला गेली. हाताचं नुसतं गाठोडं झालं होतं. तो चघळत नव्हता, म्हणून ओळखूच येईना.

"हाताचं मी सोसेन, ताई. आमच्या धंद्यात कुणाचं ना कुणाचं काहीतरी जातंच. पण हा खाली आला आणि नुसता बघत उभा राहिला. 'लागलं का रे' एवढंसुद्धा विचारलं नाही. मी ओरडतोय आणि हा बघतोय. कुत्र्याला लागलं तरी माणूस 'अरेरे' म्हणतो हो."

"तो येईल," ताई म्हणाली.

"येऊ दे. मी काही दार लावून बसलेलो नाही."

तेव्हापासून ताईला दुसरं काही सुचेना. भावाने जोडीदाराकडे जावं, समोर बसावं, चुकलो म्हणावं. एवढंच. नोकरी गेली ती गेली. यंत्रखोलीत त्याला पुन्हा कोण उभं करणार? पण एवढं झालं असतं तर दोन माणसं तरी वाचली असती.

तो जायला तयार नव्हता. अहंकार नव्हे, तो असता तर ताईने खेटरं मारून घालवला असता. त्याचं म्हणणं निराळंच होतं.

"ताई, माफी मागायची तर वाईट वाटायला हवं ना. मला वाटत नाहीये. मी शोधतो, आत काही सापडत नाही. खोटं तोंड घेऊन त्याच्यासमोर बसू?"

"हो, बस! जगातली निम्मी माफी तशीच मागतात. वाईट नंतर वाटतं, सवडीने."

"त्याला कळेल. इतकी वर्षं माझ्या नुसत्या आवाजावर त्याने जीव ठेवलाय. त्याला माझा खोटा आवाज लगेच कळेल."

तिला उत्तर नसलं की ती भांडी घासायला घेते. त्या दिवशी तिने त्याच्या घरची सगळी भांडी घासली.

पुढे झोप गेली. आपला हात आपला वाटेना, आरशातला माणूस कुणीतरी परका, मुलीचा आवाज काचेपलीकडून येतोय असं वाटे. मग एकाएकी भीती, कारण नसताना, भर दुपारी, घाम फुटून. बायको हातपाय गाळून बसली. शेवटी ताईने त्याला मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तरुण होत्या, पण ऐकून घेणाऱ्या. म्हणाल्या, "ध्यानाने पुष्कळांना बरं वाटतं. काहींना असं होतं. हे भूत नाही, साक्षात्कारही नाही. बसणं आजपासून बंद. औषध घ्या, चाला, भाजी चिरा, लोकांत राहा."

ताईने विचारलं, "हे आधी कुणी का सांगत नाही?"

"ज्यांना त्रास होतो ते परत जाऊन सांगत नाहीत," बाई म्हणाल्या. "आणि ज्यांना फायदा होतो त्यांचा आवाज मोठा असतो."

ताई स्वतः आजही सकाळी थोडा वेळ डोळे मिटून बसते. तिच्या गुडघ्यांचं दुखणं त्याने सोसवतं. हे ती विचारायला येणाऱ्यांना सांगते, आणि वरचंही सांगते. लोक निम्मंच ऐकून जातात, ज्याला जे निम्मं हवं ते.

भावना परत आल्या, पण ओळीने नाहीत. सगळ्यांत आधी आली चिडचिड. ओला टॉवेल पलंगावर पडलेला बघून तो बायकोवर खेकसला. ती धावत गॅलरीत गेली आणि ताईला फोन करून रडत म्हणाली, "ताई, ओरडले! माझ्यावर ओरडले!" ज्या घरात त्या ओरडण्याला दोघी जणी वर्षानुवर्षं भीत होत्या, त्या घरात त्या दिवशी गोडाधोडाचा बेत व्हायचाच बाकी होता. मग मुलीच्या एका पाचकळ विनोदाला तो हसला. मग एका किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीवर कामाला लागला. तिथे कुणाच्या हाकेवर कुणाचा जीव नसतो.

वाईट वाटणं तेवढं राहिलं होतं. ताईने विचारणं सोडलं नाही. "आलं का?" "नाही ताई." जणू पोस्टमनची वाट बघतायत दोघं.

एके दिवशी दुपारी त्याचा फोन आला. आवाज घसरत होता.

"ताई, टपरीसमोर एक जण गाडी मागे घेत होता. दुसरा ओरडला, 'थांब!' आणि मला त्याचं ओरडणं ऐकू आलं. माझ्या जोडीदाराचं. त्या दिवशी जे ऐकलं होतं ते आज ऐकू आलं. मी किल्ली टाकून खालीच बसलो. ताई, मी काय केलं गं?"

ताईने त्याला पोटभर रडू दिलं. मग म्हणाली, "जाऊया."

"तू चल बरोबर. मला एकट्याने नाही होणार."

"येते. रविवारी. आधी कळवते त्याला."

तिने जोडीदाराला फोन लावला. त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "ताई, रागावू नका. मी वर्षभर दाराकडे बघत काढलं. घंटा वाजली की वाटायचं, आला. डाव्या हाताने जेवायला शिकलो आणि त्याची वाट बघायची नाही हेसुद्धा शिकलो. आता तो आला तर मला ते सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. त्याला बरं वाटतंय ना? बस झालं. येऊ नका म्हणावं."

रविवारी ताई भावाकडे गेली तेव्हा तो इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून खुर्चीच्या कडेवर बसला होता. तिने सांगितलं, जसंच्या तसं. गुळगुळीत करून सांगणं तिच्या स्वभावात नाही. त्याच्या तोंडावरचं सगळं तिला दिसलं, एकेक. आणि तो नुसता बघत बसला नव्हता, त्याला होत होतं. कधीतरी हेच व्हावं म्हणून तिने जिवाचं रान केलं होतं.

"थोड्या दिवसांनी पुन्हा विचारशील?" तो म्हणाला.

"विचारीन."

तिने विचारलं. फोन नुसता वाजत राहिला. शेजारच्या बाईकडून कळलं की जोडीदार बिऱ्हाड हलवून लेकाकडे दुसऱ्या गावी गेला. पत्ता तिच्याजवळ नव्हता, असला तरी तिने दिला नाही. ताईने हे भावाला कळवलं. त्याने बूट कपाटात ठेवले. दोघांनी मिळून एका माणसाच्या दारापर्यंत जायचं होतं, घंटा वाजवायची होती, आणि 'चुकलो' हा एक शब्द मोठ्याने म्हणायचा होता. ते राहिलं.